कुऱ्हाडवाल्यासमोर कोणाला उभं करायचं?

मंडळी, ठाण्याहून सीएसएमटीला जाणारी स्लो लोकल साधारण तासभर घेते. बसायला जागा मिळाली तर (हा 'तर' मोठा आहे) तेवढ्यात फायर एम्ब्लेम या डावपेचांच्या व्हिडिओ गेमचा एखादा छोटा पट निघतो. इथे घाई नाही. तुमची चाल संपेपर्यंत समोरचा हलत नाही. घाटकोपरला गर्दी घुसली की डाव तसाच ठेवून गेम बॉय बॅगेत टाकायचा.

बोलायचंय ते 2003 साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या भागाबद्दल. जपानबाहेर पोचलेला या मालिकेतला हा पहिला. 240 बाय 160 पिक्सेलच्या पडद्यावर एका वेळी आडवी 15 आणि उभी 10 घरं दिसतात. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. एवढं सगळ्यांना पाठ असतं. तरी माणसं मरतात, आणि इथे मेलेला शिपाई पुढच्या पटावर परत येत नाही.

कारण आपण आपलीच चाल खेळतो, शत्रूची खेळत नाही. आपल्या टर्नमध्ये एका शिपायाचा एकच हल्ला होतो. शत्रूच्या टर्नमध्ये मात्र जितके अंगावर येतील तितक्यांना तो उलट वार देतो. म्हणून खरा प्रश्न: चाल संपताना पुढे कोण, आणि कुठल्या घरात?

एक हिशेब फळ्यावर मांडू. डाकू लोखंडी कुऱ्हाड घेऊन येतोय. कुऱ्हाडीचा हिट, म्हणजे नेम लागण्याचे टक्के, 75, त्याचं स्किल 3, ते दुप्पट धरायचं, लक शून्य. झाले 81. आपल्या तलवारवाल्याचा वेग 9, तोही दुप्पट, वर लक 5. म्हणजे 23 वजा. उरले 58. तलवार कुऱ्हाडीला भारी म्हणून 15 गेले, 43. आणि त्याला झाडीच्या घरात उभं केलं तर आणखी 20 गेले, 23. त्याच झाडीत भालेवाला असता, बाकी आकडे तेच, तर 53.

आता गंमत ऐका. पडद्यावर दिसणारे टक्के खरे नसतात. नेम लागला की नाही ठरवताना मशीन एक नाही, दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतं. त्यामुळे 50 च्या वरचे टक्के प्रत्यक्षात वाढतात, खालचे घटतात. 58 म्हणजे खरे 65, आणि 23 म्हणजे जेमतेम 11. हातात तलवार आणि झाडीत सरकायला एक पाऊल, एवढ्यात धोका सहाव्या हिश्श्यावर आला. क्रिटिकलला, म्हणजे अवचित बसणाऱ्या जबर वाराला, मात्र एकच आकडा निघतो. तिथे 5 म्हणजे 5च, आणि मार तिप्पट. बॉसच्या हातात क्रिटिकलचं शस्त्र असेल तर झाडीवर विसंबू नका.

नवखे हमखास फसतात ते पोलादी तलवारीत. ताकद 5 वरून 8 होते, मग घ्यायलाच हवी, नाही का? पण तिचं वजन 10, आणि आपल्या शिपायाचा बांधा 8. वरचे 2 थेट वेगातून कापले जातात. 9 चा झाला 7. डाकूचा वेग 5. दोन वार मिळायला 4 चा फरक लागतो, तो गेला. शिपायाचं बळ 6 आणि डाकूचा बचाव 3 धरा, वर तलवार कुऱ्हाडीला भारी म्हणून मारात 1 जास्त: लोखंडी तलवारीचे दोन वार 9-9 चे, एकूण 18. पोलादीचा एकच, 12 चा. शिवाय वेग घटल्याने वार चुकवण्यातले 4 गेले ते वेगळेच. लोखंडी तलवार 46 वेळा चालते, पोलादी 30. महाग घेऊन कमी मार!

पुढे सरकण्याआधी प्रत्येक शत्रूवर कर्सर नेऊन 'ए' दाबा, त्याची पोच दिसते. सगळ्यांची एकत्र दिसत नाही, डोक्यात जुळवावी लागते. त्यात फेकभाला दोन घरांवरून लागतो, हे मोजायचं राहून जातं आणि मागची वैद्यबाई जाते.

आणि बंद करून पुन्हा चालू केल्याने नशीब बदलत नाही. मशीन पुढे काढणार त्या आकड्यांची रांगही डावासोबतच जपली जाते. तीच चाल त्याच क्रमाने केलीत तर तोच वार पुन्हा चुकेल. आधी दुसऱ्या कोणाला तरी लढू द्या, म्हणजे रांग पुढे सरकते.