होडीत कोण राहणार?

नमस्कार श्रोतेहो. इंग्रजीच्या तासाला वादविवाद म्हटलं, की घरून लिहून आणलेलं भाषण घोकणारी दोन-तीन मुलं पुढे येतात आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. समोरून एक प्रश्न आला, की ते भाषण तिथंच बसतं. त्यापेक्षा खेळ घ्या.

समजा, तापीला पूर आलाय. होडी गळतेय. होडीत चौघं: केळी, कापूस, ज्वारी आणि वांगं. दर फेरीला एकाने उतरायचं. चार मुलांना या नावांच्या चिठ्ठ्या द्या; आपणच होडीत का राहावं, हे प्रत्येकाने पटवायचं. तयारीला दोन मिनिटं. तयारी मराठीत होऊ द्या, अहिराणीत होऊ द्या. बोलायचं मात्र इंग्रजीत, प्रत्येकी तीस सेकंद.

केळी म्हणते, 'आय गो टू दिल्ली बाय ट्रेन, आय ब्रिंग मनी.' रावेर-सावद्याच्या, म्हणजे केळीच्या पट्ट्यातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. कापूस म्हणतो, 'नो कॉटन, नो शर्ट.' ज्वारी लगेच उठते, 'कॅन यू ईट युवर शर्ट?' वर्गात हशा. वांगं म्हणतं, 'विदाऊट मी, नो भरीत!' आता बामणोदचं वांगं असेल, तर त्याला उतरवणार कोण? तेवढं भरितात टोमॅटो घालू नका हो. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, बस्स.

असो. पाळी पुन्हा कापसाची. इथे नियम लावायचा: आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, मग आपलं. परत सांगते, आधी समोरच्याचं, मग आपलं. कापूस म्हणतो, 'यू से, नोबडी ईट्स अ शर्ट. ट्रू. बट माय सीड गिव्हज ढेप. बफेलो ईट्स ढेप, यू ड्रिंक मिल्क.' सरकीची ढेप! ज्वारी क्षणभर गप्प. मग तिलाही सुचतं, 'बफेलो ईट्स माय कडबा टू!' झाला की वादविवाद सुरू.

या जागी शिक्षकाने ढेपेला इंग्रजी शब्द विचारला, की खेळ संपला. वाक्य चालू असताना व्याकरण सुधारू नका, मूल खाली बसतं ते परत उठत नाही. चुका वहीत टिपा आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यातल्या तीनच फळ्यावर घ्या.

बडबडी मुलं सगळा वेळ खातात. त्यावर उपाय चिंचोके. प्रत्येकाला तीन, बोललं की एक टेबलावर. संपले की गप्प. साठ मुलांचा वर्ग असेल तर सहा-सहांचे दहा गट करा: चौघं होडीत, एक घड्याळ बघणारा, एक पंच. गोंगाट होणारच. पंचाने निकाल देताना 'बिकॉज' म्हणून कारण सांगायचंच, नाहीतर मत मैत्रीला जातं.

पुढच्या तासाला चिठ्ठ्या बदला. ज्वारीवालीला कापूस द्या. ती कुरकुरेल, पण ढेपेवर आणखी काय सांगायचं, हे तिला आता ठाऊक असतं.