लघवीचा रिपोर्ट वाचताना

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय लघवीचा आहे. न्याहारी चालू असेल त्यांनी ती आधी आटोपून घ्यावी. मी थांबणार नाही.

लॅबमधून रिपोर्ट हातात पडला की बरेचजण त्यातलं ठळक अक्षरांत छापलेलं तेवढं शोधतात आणि फोन लावतात. ‘डॉक्टर, पस सेल्स ३-४ आहेत, इन्फेक्शन झालं का?’ एवढ्या पस सेल्स, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी, धडधाकट माणसाच्या लघवीतही सापडतात. काळजी करण्याजोगी ओळ कित्येकदा वेगळीच असते. ती ओळखायची तर मूत्रपिंड काम कसं करतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला एकेक मूत्रपिंड असतं. वजन प्रत्येकी १५० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जोडीकडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा जातो, मिनिटाला लिटरभर तरी. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक बारीक गुंता, त्याला वेढणारी पिशवी आणि त्या पिशवीतून निघणारी वळणावळणांची नलिका. ही पिशवी थेट नलिकेत उघडते हे लंडनच्या विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये दाखवून दिलं. आपल्या पणजीत वैद्यकशाळा सुरू झाली तीही १८४२ मध्येच. बांबोळीच्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं, मूळ ते. निव्वळ योगायोग, पण गोव्यात वैद्यक शिकलेल्या माणसाला हे साल विसरता येत नाही.

त्या गुंत्यांतून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. पाणी, क्षार, साखर, युरिया हे सगळं नलिकेत उतरतं. आणि दिवसाची लघवी किती? दीड लिटर. बाकीचं सारं नलिका वाटेत परत रक्तात घेते. चवथीच्या आधी आपण खोलीतलं सगळं सामान अंगणात काढतो आणि हवं तेवढंच पुन्हा आत नेतो, तशी ही रीत. मला ती फार हुशारीची वाटते. कारण उद्या एखादं नवं औषध पोटात गेलं तरी हे टाकाऊ आहे असं ओळखत बसायला नको. गाळताना ते उतरलं आणि नलिकेने परत घेतलं नाही, की गेलंच बाहेर.

तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन दोन गोष्टी विचारायच्या. गाळताना निसटू नये ते निसटलं का? आणि परत घ्यायचं ते नलिकेत राहून गेलं का?

साखर घ्या. दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपास साखर नलिकेत उतरते आणि निरोगी माणसात जवळपास सगळी परत घेतली जाते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की नलिकांची ताकद अपुरी पडते आणि साखर लघवीत दिसू लागते. म्हणजे लघवीत साखर नाही, एवढ्यावर मधुमेह नाही असं म्हणता येत नाही; १५० असलेल्याच्या लघवीत ती दिसणारच नाही. उलटही होतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरची गोळी हल्ली पुष्कळांना चालू असते. नलिकेला साखर परत घेऊ न देणं हेच तिचं काम. अशा माणसाच्या रिपोर्टवर साखरेपुढे चार अधिकची चिन्हं (++++) येतात, घरचे घाबरतात, आणि औषध तर ठरल्याप्रमाणे काम करत असतं. लॅबमध्ये सॅम्पल देताना चालू गोळ्यांची नावं सांगा, एवढंच मागणं.

प्रथिनांचं मात्र मी कधी हसण्यावारी नेत नाही. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज आलेल्या रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठायची. तेच अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आज आपण पट्टी बुडवून पाहतो. ताप आला, धावपळ झाली तर ते तात्पुरतं उतरतं, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. पण पुन्हा पुन्हा सापडलं तर गाळणारा गुंता दुखावला आहे असं समजायचं. अडचण ही, की सुरुवातीचं थोडंसं अल्ब्युमिन साध्या पट्टीला दिसतच नाही. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ही तपासणी आहे. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे जागं व्हायची वेळ. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने ती वर्षातून एकदा करावी. दुखत काहीच नसतं, म्हणून ती राहून जाते.

इन्फेक्शनचं थोडक्यात. भरपूर पस सेल्स, जोडीला नायट्राइट (जंतूंमुळे लघवीत तयार होणारं द्रव्य) आणि लघवीला जळजळ, असं असेल तर संशय पक्का होतो. कोणतं अँटिबायोटिक चालेल ते कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, सांगतं, त्याला दोन दिवस लागतात. म्हणून कल्चरचं सॅम्पल गोळी घेण्याआधी द्यायचं. पहिली धार सोडून मधली धरायची. आणि ती बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजारहाट करायचा नाही. आपल्या उकाड्यात दोन तासांत त्यात जंतू माजतात, पेशी फुटतात, आणि रिपोर्ट येतो तो डिकीचा.

आता पाणी. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि नलिकेचा शेवटचा भाग जास्त पाणी ओढून घेतो. लघवी थोडी आणि गडद होते. रिपोर्टवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवी किती दाट त्याचा आकडा, १.०३० कडे झुकते. दारू हे संप्रेरक दाबते. एप्रिल-मे महिन्यात, हुर्राकाच्या म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या दिवसांत, उन्हातून येऊन दोन ग्लास रिचवणारा म्हणतो, बघा, लघवी कशी साफ झाली. साफ झाली खरी, पण अंगातलं पाणी गेलं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी तरी हे ध्यानात घ्यावं.

खड्यावरून बिंबलं, म्हणजे बिलिंबीची आंबट फळं, आठवली. माशांच्या हुमणात दोन-चार बिंबलं पडली तर बिघडत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून बिंबलांचा रस पेलाभर पिणारे आहेत. त्या रसात ऑक्झलेट भरपूर असतं, ते नलिकांत स्फटिकरूपाने बसतं आणि चांगली मूत्रपिंडं काही दिवसांत बंद पडू शकतात. केरळमध्ये असे रुग्ण नोंदले गेले आहेत. करमलाचंही (स्टार फ्रूटचंही) तेच, आणि मूत्रपिंड आधीच अधू असलेल्याला करमलातल्या विषारी द्रव्याने उचकी, गोंधळलेपण, फिट्सही येऊ शकतात. डायलिसिसवरच्या माणसाला करमलाची फोडसुद्धा देऊ नये.

शेवटी एक गोष्ट, जी लघवीच्या तपासणीतून सुटू शकते. दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या मूत्रपिंडाच्या रुग्णांची चर्चा आपण बरीच वर्षं ऐकतो आहोत. आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागात मधुमेह नसलेल्या शेतकऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होताना आढळली आहेत. अशा आजारात आधी बिघडतात नलिका आणि त्यांच्या भोवतीचा भाग. गाळणारा गुंता बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे प्रथिनं फारशी उतरत नाहीत आणि पट्टी ‘काही नाही’ म्हणते. तिथे रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं एक टाकाऊ द्रव्य, बघावं लागतं, आणि त्याच्या आकड्यावरून वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. ते ठळक अक्षरांत येईपर्यंत निम्मी ताकद गेलेली असू शकते. ईजीएफआर ३ महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जायचं. उन्हात राबणारे, अंगदुखीच्या गोळ्या रोज घेणारे आणि घरात कुणाला हा आजार असलेले यांनी लघवी आणि रक्त दोन्ही तपासून घ्यावं, आणि जुने रिपोर्ट फेकू नयेत. डॉक्टरांना मागच्या वर्षीचा आकडा लागतोच. नमस्कार.