एकाआड एक खांब

मंडळी, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल कमी करायचं म्हटलं की पहिला उपाय ठरलेला: एकाआड एक खांब बंद. निम्मे दिवे, निम्मं बिल. ही सवय सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळातली. तो दिवा मंद करणं अवघड, आणि विझवला तर पुन्हा उजळायला काही मिनिटं घ्यायचा. एलईडीचं तसं नाही. दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे वीज नियंत्रित करणारा भाग, प्रवाह कमी करतो, दिवा निम्म्यावर येतो, वीजही साधारण निम्मीच लागते. तरी आपण अजून खांबच मोजतोय.

त्या एकाआड एक रस्त्यावरून एकदा चालून बघा. पेटत्या खांबाखाली डोळ्याची बाहुली आखडते. पुढे काळोखाची पट्टी येते आणि डोळा अजून मागच्या उजेडातच असतो. अंधाराला पुरतं सरावायला त्याला 20 ते 30 मिनिटं लागतात, आपण देतो काही सेकंद. पट्टीत कोणी उभं असेल तर आकृती दिसते, चेहरा नाही. त्याला मात्र तुम्ही दिव्याखालून येताना लख्ख दिसलेले असता. आता हेच सगळे दिवे निम्म्यावर आणा. बऱ्याच जणांच्या लक्षातही येणार नाही, कारण डोळा मीटरसारखा मोजत नाही. निम्मा उजेड त्याला थोडासाच उणा वाटतो. बचत जवळपास तेवढीच, आणि पट्ट्या नाहीत.

दिवे कमी केले की गुन्हे वाढतात का? इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक संस्थांची आकडेवारी तपासून 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवे बंद किंवा मंद केल्यामुळे अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट न्यूयॉर्कमध्ये 2016 साली सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून प्रखर दिवे लावले, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. दोन्ही खरं असू शकतं. जागा वेगळ्या, माणसं वेगळी. माझी तक्रार दुसरीच आहे. अंधार बघून जी बाई घराबाहेर पडलीच नाही, तिची नोंद गुन्ह्यांच्या तक्त्यात कशी येणार?

झगझगाटाबद्दल एवढंच सांगतो, की उघडा, डोळ्यात घुसणारा दिवा कितीही वॅटचा असो, त्याच्यामागचं काही दिसत नाही. आणि झाडाच्या फांद्यांत अडकलेला दिवा पानंच उजळतो, त्याला कोयता लागतो, जास्त वॅट नव्हे.

राहता राहिला टायमर. वर्दळ ओसरली की दिवे मंद करायला माझी हरकत नाही. पण चौक, पादचारी पट्टे, भुयारी मार्गाचं तोंड यांना हात लावू नका, आणि थांब्यावरचा दिवा शेवटची बस जाईपर्यंत पूर्ण ठेवा. हे टायमरमध्ये भरणं काही अवघड नाही. शेवटची बस किती वाजता जाते, एवढं आधी कोणीतरी विचारायला हवं.