चाळीस तासांत लोहारकाम किती शिकता येते

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षभराचा शेतगडी) ठरला की मृगाच्या पेरणीपर्यंतचे दिवस आपल्या खान्देशात लोहाराच्या धांदलीचे असत. वखराची पास पाजवणे, नांगराच्या झिजलेल्या फाळाला टोक काढणे, कोळप्याची पास बदलणे, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवणे ही सगळी कामे तेवढ्या दिवसांत उरकावी लागत आणि पहाटेपासून भात्यापाशी शेतकऱ्यांची रांग लागे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि बऱ्याच गावांतले भाते थंडावले. पण हत्यारांची गरज संपलेली नाही. कल्टिव्हेटरचे फाळ काळ्या जमिनीतही झिजतातच, रावेर-यावलच्या केळीबागांत पिले, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, कापायला विळा लागतोच, कपाशी निघाल्यावर पऱ्हाटी उपटायला चिमटा लागतो, सातपुड्यातल्या पाड्यांवर कुऱ्हाडीवाचून दिवस जात नाही आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नाल ठोकणाऱ्याला आजही मान आहे. हत्यार लागते, पण ते घडवणारा आणि दुरुस्त करणारा हात जवळ नाही, अशी आज अनेक गावांची स्थिती आहे. म्हणून लोहारकामाच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाविषयी आज आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे.

प्रथम सरकारी योजनेविषयी. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत आणि लोहारकाम त्यांपैकी एक आहे. या योजनेत 40 तासांचे मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांत दिले जाते. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी 120 तासांचे, म्हणजे साधारण पंधरा दिवसांचे प्रगत प्रशिक्षण आहे. प्रशिक्षणाच्या काळात दररोज 500 रुपये विद्यावेतन मिळते, हत्यारांच्या संचासाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते आणि पुढे पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. नावनोंदणी गावच्या सामायिक सेवा केंद्रात होते. अर्जदाराचे वय किमान 18 वर्षे असावे लागते आणि एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी, कारण तिच्याविषयी बराच गैरसमज दिसतो: ही योजना हाताने आणि हत्यारांनी हा व्यवसाय आधीपासून करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. ज्याने कधी घण उचललेला नाही, त्याला हे दार उघडे नाही. अशा तरुणांनी जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. बँकांनी चालवलेल्या या संस्था ग्रामीण तरुणांना विनाशुल्क शिकवतात आणि त्यांच्या अभ्यासक्रमांत वेल्डिंग व फॅब्रिकेशनचा समावेश आहे. वेल्डिंग म्हणजे लोहारकाम नव्हे, पण लोखंडाशी पहिली ओळख तिथेही होते.

आता मुख्य प्रश्न असा, की चाळीस तासांत शिकणाऱ्याच्या हाती नेमके काय यावे? चाळीस तासांत लोहार तयार होत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. पण एवढ्या वेळात डोळा तयार होऊ शकतो, आणि लोहारकामात हातापेक्षा डोळा आधी तयार व्हावा लागतो, असे माझे ठाम मत आहे. जो वर्ग शिकणाऱ्याला दोन दिवस फळ्यासमोर बसवून लोखंडाचे प्रकार पाठ करून घेतो, तो त्याचा वेळ वाया घालवतो. पहिल्या दिवशीच त्याच्या एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात हातोडा असला पाहिजे.

डोळा तयार होणे म्हणजे काय, ते ताव देण्याच्या, म्हणजे लोखंड भट्टीत तापवण्याच्या, कामात कळते. लोखंड तापू लागले की आधी मंद लाल दिसते, मग गडद लाल, मग नारिंगी आणि शेवटी पिवळे होते. साधे लोखंड ताणून लांब करायचे असेल, तर ते नारिंगी-पिवळे असतानाच घाव घालावे लागतात, आणि ते मंद लाल झाले की हातोडा थांबवून पुन्हा भट्टीत घालावे लागते. थंडावलेल्या लोखंडावर ठोकत राहिले तर त्याला चिरा पडतात. उलट पांढरे होऊन त्यातून ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळाले, आणि तो तुकडा तेवढ्यापुरता कामातून गेला असे समजावे. हे रंग उन्हात दिसत नाहीत. म्हणूनच जुन्या लोहाराची भट्टी सावलीत, काहीशा अंधाऱ्या पडवीत असे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली, भर दुपारी हा वर्ग भरवण्यात शहाणपण नाही. वर्ग हिवाळ्यात घ्यावेत, आणि उन्हाळ्यात घ्यायचेच असतील तर पहाटे घ्यावेत.

तावानंतरची गोष्ट म्हणजे पाणी देणे, म्हणजे तापवलेले पोलाद एकदम थंड करून कडक करणे. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाजारातला स्वस्त विळा आणि जाणत्या लोहाराचा विळा यांतला फरक इथेच पडतो. बांधकामाची साधी सळई कितीही तापवून पाण्यात बुडवली तरी ती धार धरण्याइतकी कडक होत नाही, कारण तिच्यात कार्बन फार कमी असतो. ट्रकच्या कमानीचा पाटा मात्र पोलादी असतो, त्यात कार्बन 0.6 टक्क्याच्या आसपास असतो, आणि म्हणून विळा, कोयता, कुऱ्हाडीची धार यांसाठी तो उत्तम चालतो. तुकडा पोलादी आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी रीत अशी: ग्राइंडरवर तो धरावा; साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, पोलादाच्या ठिणग्या टोकाशी फुटून त्यांना फांद्या येतात.

अशा पाट्याचा विळा घडवून झाला की त्याची धारेची बाजू सारखी लाल तापवावी. लोहचुंबक चिकटेनासे झाले की तापमान सुमारे 770 अंशांवर आले असे समजावे, त्याहून किंचित जास्त तापवावे आणि मग विळा तेलात बुडवावा. पाट्याचे पोलाद थंडगार पाण्यात बुडवले तर तडकण्याचा धोका असतो. बाहेर काढलेल्या विळ्यावर कानस फिरवली आणि ती चावा न घेता घसरली, तर पोलाद कडक झाले. पण एवढ्यावर थांबले तर शेतात पहिल्याच दिवशी धारेचे तुकडे उडतील, कारण हे पोलाद कडक असले तरी ठिसूळ असते. म्हणून धार घासून चकचकीत करावी आणि विळा पाठीकडून पुन्हा सावकाश तापवावा. त्या चकाकत्या पट्टीवर रंग चढू लागतात. सुमारे 220 अंशांना वाळलेल्या कडब्याचा फिकट पिवळा, 255 च्या सुमारास तपकिरी, 280 ला जांभळा, 300 ला निळा. विळ्यासाठी तपकिरी रंग धारेशी पोहोचताच विळा बुडवून हे रंग थांबवावेत; कुऱ्हाडीला आघात सोसायचा असतो, म्हणून तिचा रंग जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावा. हे रंग धावत येतात, त्यांना थांबवण्याची वेळ क्षणाची असते, आणि ती वेळ साधणे कुठल्याही पुस्तकातून शिकता येत नाही. प्रत्येक शिकणाऱ्याने वर्गात निदान एकदा तरी आपल्या हाताने ही वेळ साधलेली असावी. आपण घडवलेल्या विळ्याने केळीचे पील कापून पाहिल्याशिवाय कुणालाही प्रमाणपत्र देऊ नये, असे मला वाटते.

हे शिकवणार कोण? गावोगावी अजूनही साठी-सत्तरीतले लोहारबाबा आहेत. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसेल, पण तावाचा रंग त्यांना दुरून कळतो. प्रशिक्षण संस्थांनी त्यांना मानधन देऊन, सन्मानाने शिकवायला बोलवावे. त्याचबरोबर फिरत्या लोहारांच्या घिसाडी समाजातील स्त्रियांनाही बोलवावे. नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि बायको समोर उभी राहून घण घालते, हे दृश्य आपण आठवडी बाजारांत पाहिलेले आहे. तेव्हा लोहारकाम बायकांचे नव्हे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते दृश्य नीट आठवावे. मुलींच्या अर्जांना अडवणारी संस्था असेल तर तिला जाब विचारावा.

सुरक्षिततेविषयी दोन गोष्टी. अंगावर सुती कपडे असावेत, नायलॉनचे कपडे भट्टीजवळ नकोतच, आणि डोळ्यांना चष्मा व पायांत बूट असावेत. तसेच जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप कधीही भट्टीत घालू नये. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि मळमळ होते.

वर्ग संपल्यावर काय करावे, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. माझी सूचना अशी, की लगेच दुकान थाटू नये. आखाजीच्या आधी गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या एखाद्या चालत्या भात्यावर जावे, घण घालायचे काम पत्करावे, मजुरीची चर्चा आधीच स्पष्ट करावी आणि पेरणीपर्यंत तिथेच राहावे. स्वतःची ऐरण घ्यायची झाल्यास पुष्कळ जण रेल्वेरुळाचा तुकडा वापरतात आणि तो कामचलाऊ आहेही. पण तो परवानाधारक भंगारवाल्याकडून पावती घेऊनच विकत घ्यावा, कारण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा 1966 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. ती पावती जपून ठेवावी. योजनेच्या कर्जाचा विचार हात बसल्यावर करावा. पहिल्या टप्प्यातील एक लाखाची परतफेड 18 महिन्यांत करायची असते, आणि लोहाराचे उत्पन्न वर्षभर सारखे नसते, ते पेरणीच्या आधी चढते आणि पावसाळ्यात उतरते, हे हिशेबात धरूनच हप्ते ठरवून घ्यावेत.