एक रवा वजन

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापूरच्या गुळाचा एक रवा साधारण तीस किलोचा असतो, हे मी आपल्याला सांगायला हवे असे नाही. तरीही थोड्या दिवसांत भरपूर वजन उतरवण्यासाठी केल्या जाणाऱ्या अतिकमी आहाराविषयीचे आजचे बोलणे मी त्या रव्यापासूनच सुरू करणार आहे. काही वर्षांपूर्वी एक वस्ताद माझ्या दवाखान्यात येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक रवा उतरवायचा हाय बघा." त्यांची हकिकत त्यांच्याच परवानगीने आणि नाव न घेण्याच्या अटीवर मी सांगतो आहे. ती सांगायला मला आवडते, हे कबूल करतो. त्यात माझीही एक चूक आहे, आणि ती सांगायला मात्र तितकेसे आवडत नाही.

वस्तादांचे वय तेव्हा साठीच्या जवळ होते. तारुण्यात मैदाने गाजवलेली, पुढे एका तालमीत पोरांना घडवण्यात तीस वर्षे गेलेली. कुस्ती सुटली, परंतु खुराक सुटला नाही, आणि हे पुष्कळ पैलवानांच्या बाबतीत घडते. वजन १०८ किलो, मधुमेह, रक्तदाब आणि गुडघ्यांची तक्रार. त्यांच्या कागदावर औषधांच्या खाली मी नेहमीप्रमाणे "वजन कमी करणे" असे दोन-तीन महिन्यांपूर्वी लिहिले होते. किती, कसे आणि किती दिवसांत, यांतले काहीही लिहिले नव्हते. आम्ही डॉक्टर मंडळी हे तीन शब्द फार सहजपणे लिहितो. रुग्णाला औषध किती वेळा घ्यायचे ते सांगतो आणि जेवायचे काय ते त्याच्यावर सोपवतो, ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दसऱ्यानंतर तालमीतले जुने शिष्य वस्तादांचा सत्कार करणार होते. हारतुरे, फेटा, व्यासपीठ असा सगळा बेत होता. नागपंचमी झाली आणि त्यांनी आपल्या मनाने आहार ठरवला. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी दोन वाट्या ताक आणि काकडी, रात्री अर्धी भाकरी आणि मुगाचे पातळ वरण. संध्याकाळी दूध कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता, तोही त्यांनी मोडला. (धारोष्ण दुधाबद्दल मी इतकेच म्हणेन की दूध उकळूनच प्यावे. हे मत मी कट्ट्यावर उघडपणे मांडले आहे आणि त्याबद्दल माझी पुरेशी थट्टाही झाली आहे.) पुढे मी हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या दिवसभराच्या खाण्यातून जेमतेम ५०० कॅलरी मिळत होत्या. दिवसाला ८०० कॅलरींपेक्षा कमी आहाराला वैद्यकशास्त्र अतिअल्प उष्मांकाचा आहार म्हणते, आणि तो वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये असे सांगते. वस्ताद त्या रेषेच्याही बरेच खाली गेले होते.

वजन करायला ते माझ्याकडे येत नसत. त्यांच्या एका शिष्याची गुळाची अडत आहे. तिथल्या, रवे तोलण्याच्या काट्यावर ते दर सोमवारी उभे राहत, आणि शिष्य पट्टीच्या कागदावर आकडा लिहून देई. पहिल्या सोमवारी १०८, दुसऱ्या सोमवारी १०३. तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. कागदाला गुळाचे बोट लागलेले होते. "डॉक्टरसाहेब, आठ दिसांत पाच किलो तुटलं की हो! पोरं जोर मारून मारून दमली, मी बसून तोडलं." मी गर्दीत होतो. "छान, छान," असे म्हणालो. त्यांना काय खाता, हे मी विचारले नाही. गोळ्या तशाच चालू आहेत का, हेही विचारले नाही. माझी चूक ती हीच.

श्रोतेहो, त्या पाच किलोंचा हिशेब आपण इथेच मांडून पाहू. एक किलो चरबी जळायची तर सुमारे ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. वस्तादांच्या देहाला दिवसाला साधारण २,४०० कॅलरी लागत असतील आणि ते ५०० घेत असतील, तर रोजची तूट १,९०० ची आणि आठवड्याची १३,३०० ची झाली. तिला ७,७०० ने भागले तर उत्तर येते पावणेदोन किलोंच्या आतबाहेर. म्हणजे त्या आठवड्यात चरबी गेली असेल तर ती जास्तीत जास्त एवढीच. मग उरलेले सव्वातीन किलो कुठे गेले? यकृतात आणि स्नायूंत मिळून साखरेचा सुमारे अर्धा किलो साठा असतो, आणि त्या साठ्यातला एकेक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. आहार एकदम तोडला की हा साठा दोन-तीन दिवसांत संपतो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जाते. त्याच्याबरोबर मीठ जाते, पोटॅशियम जाते. आतडी रिकामी होतात ते वजन वेगळेच. आणि मेंदूला साखर हवीच असते, म्हणून शरीर स्नायूंतली प्रथिने मोडून ती तयार करू लागते. काटा किती गेले ते सांगतो, काय गेले ते सांगत नाही. पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागचे पान उलटून पाहता येत नाही: काटा किती गेले ते सांगतो, काय गेले ते सांगत नाही.

वस्तादांचा मात्र काट्यावर पूर्ण विश्वास होता, आणि त्याला कारणही होते. तारुण्यात कुस्तीच्या आधी दोन-तीन दिवसांत चार-पाच किलो "तोडणे" त्यांनी अनेकदा केले होते. ते तोडणे म्हणजे निव्वळ पाणी तोडणे असते. वजन देऊन झाले की पैलवान पाणी पितो, खातो आणि ते भरून काढतो. तेही धोक्याचेच असते. पण विशीतल्या पोराने तीन दिवस जे केले, ते साठीतल्या मधुमेही माणसाने सहा आठवडे चालवले. दुसऱ्या आठवड्यात दोन किलो उतरले, तिसऱ्यात त्याहून कमी. काटा हळू चालू लागला तसे वस्तादांनी भाकरीही सोडली. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. थंडी वाजू लागली, भाद्रपदात! घरच्यांनी डॉक्टरकडे जाऊ या म्हटले तर उत्तर ठरलेले: "अंग मोडतंय म्हंजे वजन तुटतंय."

पितृ पंधरवड्यातल्या एका पहाटे ते तालमीत पोरांना डाव दाखवत होते. एका पोराची पकड दुरुस्त करायला ते वाकले आणि तसेच लाल मातीत बसले. अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते, आणि समोरच्या पोराला ते वीस वर्षांपूर्वीच्या एका शिष्याच्या नावाने हाक मारत होते. पोरे घाबरली. त्यांतल्या एकाची आई मधुमेही होती; रक्तातली साखर उतरली की असे होते, हे त्याला नेमके आठवले. तालमीत साखर नव्हती, पण पोरांच्या खुराकातला गूळ होता. वस्ताद शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून त्याने गूळ पाण्यात कालवून घोट घोट पाजला. पंधरा मिनिटांनी वस्तादांनी त्या पोराला त्याच्या खऱ्या नावाने शिवी दिली आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्यानंतर त्यांना माझ्याकडे आणले, तेव्हा गूळ पिऊनही रक्तातली साखर ६२, म्हणजे कमीच होती.

कारण उघड होते. ते घेत असलेली गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणारी होती. तिचा डोस पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या मापाने ठरवलेला होता. जेवण पाचव्या हिश्शावर आले आणि गोळी मात्र जिथल्या तिथे राहिली. रक्तदाबासाठी दिलेल्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. त्याने उरलेसुरले पोटॅशियमही घालवले. पोटॅशियमचा आकडा पाहून मला खरी धडकी भरली, कारण हृदयाचे ठोके नियमित पडायला ते लागते. १९७७-७८ मध्ये अमेरिकेत केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहून वजन उतरवण्याची लाट आली होती. ती प्रथिने जनावरांच्या कातड्यासारख्या भागांपासून काढलेली, निकृष्ट प्रतीची होती. तेव्हा सुमारे साठ माणसे दगावल्याची नोंद आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे हृदय ठोक्यांची लय बिघडून थांबले होते. वस्तादांना तीन दिवस रुग्णालयात ठेवले. जेवणही हळूहळूच वाढवले, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट जेवल्यास रक्तातले फॉस्फेट झपाट्याने खाली येते आणि तेही जिवावर बेतू शकते. हे त्यांच्या घरच्यांना पटवताना मात्र माझे नाकी नऊ आले; अशक्त माणसाला मटणाचा रस्सा पाजायचा नाही, हे आपल्या गावात कोण ऐकून घेणार?

शिलंगण झाले, सत्कार झाला. वस्ताद ९५ किलोंचे होऊन व्यासपीठावर बसले. दुसऱ्या दिवशी शिष्यांनी तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे जेवण घातले आणि त्याच रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की त्यांना धड बसवेना आणि झोपवेना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. आदल्या वर्षी दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत पित्ताशय स्वच्छ होते. वजन झपाट्याने उतरते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, आणि जेवणात स्निग्धांशच नसल्याने पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरू लागले की हा धोका वाढतो. वस्तादांचा वेग दोन किलोंच्या वर होता. महिन्याभरात पित्ताशय काढावे लागले.

आणि वजन? गुढीपाडव्याला अडतीतल्या काट्याने ११० दाखवले. मला त्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचली. १०८ किलोंचे असताना हे गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसत आणि हात न टेकता उठत. आता ११० किलोंचे असताना एक हात जमिनीला आणि दुसरा कुणाच्या तरी खांद्याला लागत होता. उतरताना चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही उतरले होते. परत चढली ती बहुतेक चरबीच.

हे मनाच्या कमकुवतपणामुळे घडते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांना रोज सुमारे १,६०० कॅलरी मिळत, म्हणजे वस्तादांच्या तिप्पट. तरीही त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटले, अंग गार पडले, नाडी मंदावली, स्वभाव चिडका झाला, आणि त्यांतले काही जण वेड लागल्यासारखे पाककृतींची पुस्तके वाचू लागले. उपासमार मिळाली की शरीर खर्च आवरते आणि भूक वाढवते. दुष्काळात जगण्यासाठी त्याने शिकलेली ही युक्ती आहे. सत्काराची तारीख त्याला कळत नाही.

मग इतका कमी आहार कधीच देत नाहीत का? देतात, पण कसा ते ऐका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मधुमेही रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचा आहार दिला होता, आणि वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांविना आटोक्यात होता. हा आकडा मोठाच आहे. पण त्या आहारात प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे मोजून घातलेली होती, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरुवातीलाच थांबवल्या होत्या, नेहमीचे जेवण टप्प्याटप्प्याने परत आणले होते, आणि तपासणी नियमित चालू होती. ताक-काकडीवर राहून, गोळ्या तशाच घेत, अडतीतल्या काट्यावर उभे राहणे हा तो उपचार नव्हे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आहार तोडण्याआधी डॉक्टरला विचारा. आहार तोडण्याआधी, नंतर नव्हे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे, हृदयाचे किंवा गाउटचे (यूरिक आम्ल वाढून सांधे सुजण्याच्या आजाराचे) रुग्ण यांनी तर या वाटेला मुळीच जाऊ नये. लग्नाच्या फोटोंसाठी महिनाभर काकडीवर राहणाऱ्या मुलींचे केस तीन महिन्यांनी, म्हणजे अल्बम घरी येऊन पडल्यावर, झडू लागतात, आणि मग त्या शाम्पू बदलत राहतात. लग्नाच्या फोटोंवर होणाऱ्या खर्चाबद्दल मला बरेच बोलायचे आहे, पण वेळ संपत आला आहे.

वस्ताद आता सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात. दोन भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर भाजी, आठवड्यातून एकदा मटण, आणि तालमीत पोरांबरोबर मोजक्या बैठका. गेल्या दीड वर्षात नऊ किलो उतरले आहेत आणि उठताना आता खांदा लागत नाही, हात अजून लागतो. अडतीतला काटा त्यांनी सोडला. महिन्यातून एकदा माझ्याकडे वजन करतात. मागच्या खेपेला काट्यावरून उतरताना त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, रवा उतरायला अजून किती दिस?" मी म्हणालो, "वस्ताद, अजून तीन-साडेतीन वर्षे." त्यांनी क्षणभर हिशेब केला आणि म्हणाले, "मग तवर दूध कट्ट्यावर जाऊ का?"

मी त्यांना अर्धा ग्लास सांगितला आहे, आणि तोही उकळलेला. नमस्कार.