रात्री नऊ, तारखा दहा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं लेकीकडे नागपूरला गेलो. नऊ रात्री राहिलो. आमच्या दोघांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांना जेवढे पैसे पडले नाहीत, तेवढे आमच्या बंड्याच्या पुण्यातल्या पुण्यात, कुत्री सांभाळणाऱ्यांकडच्या मुक्कामाला पडले. बंड्या म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. वय वर्षं नऊ, वजन चौतीस किलो. कट्ट्यावर त्याच्या मुक्कामाचं बिल सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "अरे, एवढ्यात मी गणपतीपुळ्याला दोन वेळच्या जेवणासकट राहून आलो असतो!"

हिशोब असा. रोजचे ७०० रुपये. दिवाळी म्हणून रोज १५० जादा. बंड्याला थायरॉइडची गोळी दोन वेळा द्यावी लागते, तिचे ५०. झाले दिवसाला ९००. मी मनात नवाने गुणून मोकळा झालो होतो. पण आम्ही त्याला संध्याकाळी सोडला आणि दहाव्या दिवशी सकाळी आणला. रात्री नऊ, तारखा दहा, आणि तिथे पैसे तारखेवर लागत होते. बिल आलं ९,००० चं. काही ठिकाणी चोवीस तासांचा एक दिवस धरतात. तेव्हा दर विचारायच्या आधी हे विचारा, की बाबा, तुमचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

बरोबर का नाही नेला, असं काही जण विचारतात. रेल्वेत कुत्रा नेता येतो, नाही असं नाही. पण त्यासाठी एसी फर्स्ट क्लासचा दोघांचा किंवा चौघांचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसवायचं. म्हाताऱ्या कुत्र्याला रात्रभर त्या पेटीत कोंडायचं माझ्या जिवावर आलं.

खरं सांगायचं तर त्याच्या आदल्या वर्षी मी शहाणपणा केला होता. ४०० रुपये रोज घेणारी जागा शोधून काढली. सहा दिवस, २,४०० रुपये. मी खूश! घरी आणल्यावर बायकोनं त्याच्या कानामागून अकरा गोचीड काढले. दहा-बारा दिवसांनी बंड्या खाईना, अंगात ताप. रक्त तपासलं, प्लेटलेट उतरलेल्या. डॉक्टर म्हणाले, गोचीड ताप. गोळ्या जवळजवळ महिनाभर चालल्या. औषध आणि तपासण्या मिळून खर्च मुक्कामाच्या दुपटीच्या वर गेला. आता गोचीड तिथेच लागले हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण जाताना ते नव्हते एवढं नक्की.

म्हणून गेल्या वर्षी मी आधी जागा बघायला गेलो. गावाबाहेर, पत्र्याची शेड, पुढे मोकळं अंगण. मालकीणबाईंना सरळ विचारलं, "सातशे कशाचे?" त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, खाण्याचे म्हणाल तर त्यातले शंभरसुद्धा नाहीत. तुम्ही तर खाणं घरचंच आणणार." ते बरोबर आहे, एकदम खाणं बदललं की कुत्र्याचं पोट बिघडतं, म्हणून आपला डबा बरोबर दिलेला बरा. मग पैसे जातात कुठे? जागेचं भाडं, दोन वेळा फरशी धुण्याचं पाणी आणि औषध, आणि तीन मुलांचे पगार. त्यातला एक फक्त रात्रीचा. श्रावणात त्यांच्याकडे तीन-चार कुत्री असतात, दिवाळीत जागा नाही म्हणून लोकांना परत पाठवावं लागतं. पगार मात्र बारा महिने द्यायचे.

तो रात्रीचा मुलगा मला त्या सगळ्या हिशोबात महत्त्वाचा वाटला. दिवाळीत फटाके रात्री वाजतात. घाबरलेलं कुत्रं कुंपण ओलांडतं, जाळी चावून तोंड रक्तबंबाळ करून घेतं. जिथे रात्री नुसतं कुलूप आणि कॅमेरा असतो, तिथे ते सकाळी कळतं. स्वस्त जागेत बहुतेक वेळा काटलेला असतो तो हा पगार. आणि हो, ज्यांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं नाही, तिथून मी उठून आलो. आपल्याकडे मागितलं नाही म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्याकडेही मागितलेलं नसणार.

मांजरवाल्यांचं गणित वेगळं. मांजर माणसापेक्षा घराला धरून असतं. त्याला हलवण्यापेक्षा रोज कुणीतरी घरी येऊन खाणं, पाणी आणि शी-शूसाठीचा मातीचा ट्रे बघून जाणं बरं. ते स्वस्तही पडतं, फक्त किल्ली द्यायची हिंमत हवी. पूर्वी वाड्यात ही सोय आपोआप होती. शेजारच्या काकू दूध-भाकरी घालायच्या आणि परतल्यावर संत्राबर्फीच्या एका डब्यात सगळं भागायचं.

हे सगळं टाळायला काही महाभाग सुट्टीच्या तोंडावर कुत्रं हायवेला सोडून देतात. जनावराला असं उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड किती लिहिलाय? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. बंड्याच्या एका दिवसाच्या गोळ्या द्यायला मी तेवढेच मोजले होते.

दहाव्या दिवशी त्याला आणायला गेलो. बिल दिलं, पट्टा लावला. रात्रपाळीचा मुलगा घरी निघाला होता, तोंडावर झोप. बंड्या त्याच्याकडे वळला, त्याचा हात चाटून आला. मुलगा म्हणाला, "काका, हा रात्री दीडच्या सुमाराला उठून पाणी पितो. भांडं रिकामं असलं तर भुंकत नाही, नुसता शेजारी उभा राहतो. माहितीये ना तुम्हाला?"

नऊ वर्षं तो आमच्या घरात आहे. मला माहीत नव्हतं.