पहिल्या दिवसाचा आकडा

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘इम्प्लांटची स्थिरता मोजण्याच्या पद्धती’, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ किती घट्ट आहे ते बघायच्या रीती. पद्धतींकडे मी येणारच आहे. पण आधी एका बाईंची हकिकत सांगू द्या, म्हणजे मोजायचं कशासाठी ते कळेल.

बाई साठीच्या. वरची डावीकडची पहिली दाढ, तिथे दीड वर्षापूर्वी दुसरीकडे इम्प्लांट बसवलेलं. तक्रार एवढीच, की चावताना काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. एक्स-रे काढला, हाड बरं दिसत होतं. कॅप उतरवली, तर आतला अबटमेंटचा, म्हणजे कॅप आणि इम्प्लांट जोडणाऱ्या तुकड्याचा, स्क्रू ढिला. तुमच्यातले अर्धे म्हणतील, घट्ट करा आणि पाठवा घरी. पण नुसता स्क्रूच सुटला, की खालचं इम्प्लांटच हाडातून सुटायला लागलंय? हे बघायला मोजावं लागतं. मोजायला स्मार्टपेग लागतो, म्हणजे इम्प्लांटमध्ये तात्पुरती बसवायची छोटी काडी, आणि तीही त्याच इम्प्लांटच्या आट्यांत बसणारी.

इम्प्लांट कोणत्या कंपनीचं? बाईंना माहीत नाही. जिथे बसवलं तिथे फोन केला. फाइलमध्ये तारीख, दाताचा नंबर आणि ‘इम्प्लांट बसवलं’ एवढी एक ओळ. कंपनी नाही, व्यास नाही, लांबी नाही, टॉर्क, म्हणजे आवळतानाचा जोर, तोही नाही. चार दिवस मी एक्स-रेमधले आटे आणि मानेचा आकार वेगवेगळ्या कॅटलॉगांशी ताडून पाहत होते. शेवटी पेग बसला. यंत्रावर आकडा आला ५८. हा आकडा शंभरापर्यंत जातो, जितका जास्त तितकं घट्ट.

आता सांगा, ५८ चांगला की वाईट?

कोणी बोलत नाही, आणि बरोबरच आहे. पहिल्या दिवशी ५४ असेल, तर त्या मऊ हाडात इम्प्लांटनं जोर धरलाय. पहिल्या दिवशी ७४ असेल, तर सोळा अंक गळालेत आणि ते जायच्या वाटेवर आहे. पहिल्या दिवसाचा आकडाच नाही, त्यामुळे मला थांबावं लागलं. सहा आठवड्यांनी मोजलं, ५७. आणखी तीन महिन्यांनी, ५८. म्हणजे इम्प्लांट जागच्या जागी होतं, त्या हाडात त्याचा आकडाच तेवढा होता. दोष होता तो फक्त स्क्रूचा. साडेचार महिने त्या बाई एका बाजूनं जेवल्या, दर खेपेला ‘काढावं लागेल का हो?’ विचारत राहिल्या. फाइलमधली एक ओळ हा प्रश्न त्याच दिवशी सोडवू शकली असती. मला याचा राग येतो, आणि तो मी इथे लपवणार नाही.

मराठीत आपण खुंटा हलवून बळकट करतो. इम्प्लांटच्या खुंट्याला ही म्हण लावू नका. बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तो साधारण दीडशे मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतका जरी सारखा हलत राहिला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. म्हणून न हलवता मोजायचं, हीच खरी अडचण. स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढताच येईना. स्थिरतेचं पहिलं मोजमाप ते, निघत नाही म्हणजे घट्ट! १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं. पण रोज काढून बघणं आपल्याला परवडणारं नाही. इम्प्लांट उलटं फिरवून पाहण्याची चाचणी आहे, मात्र कच्च्या हाडावर ती केली तर जे जुळत आलंय तेच मोडायचं.

माझे सर आरशाच्या दांड्यानं टकटक करायचे. टणक, स्वच्छ आवाज आला की मान हलवायचे. त्यांचा कान फार तयार होता, आणि मी अजूनही टकटक करते. पण वरच्या कडेला कठीण हाडाचा पातळ थर धरून असला, तरी आवाज टणकच येतो. आणि आवाज फाइलमध्ये लिहिता येत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. आता पद्धती, भराभर.

टॉर्क. रॅचेटनं, म्हणजे आवळायच्या पान्यानं, बसवताना लागणारा जोर, न्यूटन सेंटिमीटरमध्ये. लगेच कॅप द्यायची तर ३५ च्या आसपास हवा, असं बहुतेक जण धरतात. जास्त म्हणजे चांगलं, असं मात्र नाही. फार आवळलं तर हाडाचा रक्तपुरवठा दबतो. आणि हा आकडा एकदाच मिळतो.

पेरिओटेस्ट. छोटा दांडा चार सेकंदांत सोळा ठोके देतो, आकडा उणे ८ ते अधिक ५०, जितका उणे तितका घट्ट. यंत्र मुळात नैसर्गिक दातांसाठी बनलं, म्हणून इम्प्लांटचे सगळे आकडे एका टोकाला गोळा होतात.

अनुनाद. नील मेरेडिथ यांनी १९९० च्या दशकात मांडलेली रीत. पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून छेडा. घट्ट दाबली की सूर चढतो, सैल धरली की उतरतो. इथे पेगच्या डोक्यावर चुंबक असतो, यंत्र त्याला न शिवता चुंबकीय लहरींनी थरथरवतं आणि सूर ऐकून १ ते १०० मधला आयएसक्यू, म्हणजे स्थिरतेचा आकडा, देतं. बाईंचा ५८ तो हाच. ७० च्या वर भक्कम, ६० च्या खाली सांभाळून, मधे असेल तर पुन्हा मोजा. पेग त्याच्या ड्रायव्हरनं बोटांनीच आवळा. दोन काटकोनी दिशांनी मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. हा आकडा ताठपणा सांगतो, किती टक्के हाड चिकटलं ते सांगत नाही. म्हणून दोन वेगळ्या इम्प्लांटांची तुलना करू नका. तुलना त्याच इम्प्लांटच्या जुन्या आकड्याशी.

आणि एक, हे महत्त्वाचं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात आकडा थोडा उतरतो. आट्यांनी पकडलेलं जुनं हाड झिजत असतं आणि नवं अजून पुरतं भरलेलं नसतं. पहिल्या दिवशी ७२, तिसऱ्या आठवड्यात ६६, आठव्यात ७१, असा प्रवास दिसला तर घाबरू नका. पण पहिला ७२ लिहिलेला नसेल, तर त्या ६६ चं काय करायचं ते कोणीच सांगू शकणार नाही.

त्या बाईंना मी एक कार्ड दिलंय, पर्समध्ये ठेवायला. कंपनी, व्यास, लांबी, पेगचा नंबर. त्याखाली तीन तारखा आणि तीन आकडे, ५८, ५७, ५८. सगळ्यात वर पहिल्या दिवसाची ओळ आहे, ती मोकळी सोडलीय.